वाटी जागेवर, तरी गुडघा बेभरवशाचा

गरब्याच्या फेऱ्यात गिरकी घेताना, कबड्डीत चढाई अर्धवट सोडून मागे वळताना, बॅडमिंटनच्या कोर्टवर पाय रोवून उलट दिशेला झेपावताना किंवा नुसते सोसायटीच्या जिन्याचे वळण घेताना गुडघा क्षणभर ‘सटकतो’. कळ मस्तकात जाते आणि माणूस मटकन खाली बसतो. आजूबाजूचे कोणीतरी पाय सरळ करते, ‘खट्’ असा आवाज होतो आणि सारे पूर्ववत झाल्यासारखे वाटते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत गुडघा सुजलेला असतो. परंतु एक्स-रेमध्ये हाडे जिथल्या तिथे दिसतात. ‘फ्रॅक्चर नाही’ असा निर्वाळा मिळतो, क्रेप बँडेज बांधले जाते आणि आठ-दहा दिवसांनी मुलगी पुन्हा कॉलेजला जाऊ लागते. काही महिन्यांनी तोच गुडघा पुन्हा दगा देतो.

अशा तक्रारींपैकी अनेकींच्या मुळाशी गुडघ्याच्या वाटीची अस्थिरता असते. वाटी आपल्या खोबणीतून बाहेरच्या बाजूला निसटते आणि बहुधा डॉक्टरांच्या नजरेस पडण्यापूर्वीच परत जागेवर येते. खरी अडचण इथेच आहे. वाटी निसटते ती हालचालीत. आपण काढतो ती चित्रे मात्र पाय स्थिर ठेवून, तेही सारे शांत झाल्यावर. त्यामुळे ‘नॉर्मल’ अहवाल म्हणजे गुडघा भक्कम असल्याचा दाखला नव्हे. त्याचप्रमाणे अहवालात दोन-तीन अवघड शब्द आणि एखादा वाढलेला आकडा दिसला म्हणजे शस्त्रक्रिया अटळ, असेही नाही. एक्स-रे, एमआरआय आणि सीटी स्कॅन यांपैकी प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न आधी ठरला, तरच उत्तराला अर्थ येतो.

वाटी जागेवर कशी राहते?

गुडघ्याची वाटी हे एका मोठ्या स्नायूच्या कंडरेत बसवलेले हाड आहे. मांडीच्या पुढच्या भागातील क्वाड्रिसेप्स हा बलदंड स्नायू वाटीला वरून धरतो. वाटीच्या खालून निघालेली कंडरा नडगीच्या हाडावरील उंचवट्याला जाऊन मिळते. स्नायू आखडला की वाटीमार्फत नडगी ओढली जाते आणि पाय सरळ होतो. विहिरीवरच्या रहाटाला चाक असते, तसे काम वाटी करते. ती दोर हाडापासून दूर ठेवते आणि स्नायूची ताकद कारणी लावते.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला समोरून पन्हळीसारखी एक खोबण असते. गुडघा वाकतो तशी वाटी या खोबणीतून खाली-वर सरकते. मात्र पाय पूर्ण सरळ असताना वाटी खोबणीच्या वर, मोकळ्या जागेत असते. गुडघा साधारण २० ते ३० अंश वाकल्यानंतरच ती खोबणीत नीट बसते. म्हणजे पहिल्या ३० अंशांत हाडांचा आधार तुटपुंजा असतो. या अवघड टप्प्यात वाटीला बाहेर निसटू न देण्याची मुख्य जबाबदारी तिच्या आतल्या बाजूच्या एका पातळ अस्थिबंधावर असते. वाटीची आतली कड आणि मांडीचे हाड यांना जोडणाऱ्या या पट्ट्याला डॉक्टर मंडळी ‘एमपीएफएल’ या आद्याक्षरांनी ओळखतात. बाहेरच्या बाजूला खेचणाऱ्या बलाला होणाऱ्या विरोधापैकी निम्म्याहून अधिक विरोध हा एकटा अस्थिबंध करतो.

आता गिरकी आठवून पाहावी. पाऊल जमिनीवर घट्ट रोवलेले, गुडघा किंचित वाकलेला, मांडी आत वळलेली आणि मांडीचा स्नायू पूर्ण जोरात. वाटी नेमकी याच स्थितीत बाहेर फेकली जाते. एमपीएफएल ताणला जातो किंवा तुटतो. पाय सरळ होताच वाटी परत येते. पण येताना तिची आतली कड मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या कडेवर आदळते. या धडकेत कधी कधी कूर्चेचा टवका हाडाच्या कपचीसह उडतो आणि सांध्यात मोकळा फिरू लागतो.

गुडघा निखळणे वेगळे, वाटी निखळणे वेगळे

या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. क्रिकेटपटू ऋषभ पंत याच्या मोटारीला ३० डिसेंबर २०२२ रोजी रुरकीजवळ अपघात झाला. आपला उजवा गुडघा त्या वेळी निखळला होता, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले. त्याला मुंबईला आणून जानेवारी २०२३ मध्ये अंधेरीच्या कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात त्याच्या गुडघ्याच्या अस्थिबंधांवर शस्त्रक्रिया करण्यात आली आणि मार्च २०२४ मध्ये तो आयपीएलमधून मैदानावर परतला. अशा दुखापतीत मांडीचे हाड आणि नडगी यांचा सांधाच सुटतो. अनेक अस्थिबंध एकाच वेळी तुटतात आणि गुडघ्यामागील रक्तवाहिनीलाही धोका असतो. ती तातडीची आणि गंभीर अवस्था होय.

वाटी निसटते तेव्हा मुख्य सांधा शाबूत असतो. ही दुखापत त्या मानाने सौम्य आणि कितीतरी अधिक प्रमाणात आढळणारी आहे. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे डॉ. डोनाल्ड फिथियन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वाटी प्रथमच निखळण्याचे वार्षिक प्रमाण लाखामागे सुमारे ६ आढळले. १० ते १७ या वयोगटात मात्र ते २९ इतके होते. म्हणजे ही प्रामुख्याने शाळा-कॉलेजच्या वयातील दुखापत आहे. त्याच पाहणीतील दुसरी माहिती अधिक बोलकी आहे. प्रथमच वाटी निखळलेल्यांपैकी १७ टक्के रुग्णांना पुढील दोन ते पाच वर्षांत पुन्हा तोच अनुभव आला. परंतु ज्यांची वाटी पूर्वीही निखळली होती, त्यांच्यात हे प्रमाण ४९ टक्के होते. पहिल्या वेळी नीट निदान होणे किती मोलाचे आहे, हे यावरून ध्यानात यावे. प्रत्येक निखळण्यात कूर्चा झिजते किंवा फुटते, आणि एकदा गेलेली कूर्चा शरीर पूर्ववत घडवत नाही.

आधी हात, मग यंत्र

कोणत्याही चित्रापूर्वी डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी महत्त्वाची असते. गुडघा थोडा वाकवून वाटी हलकेच बाहेर ढकलली, की अस्थिर वाटी असलेला रुग्ण दचकतो, मांडी आवळतो, कित्येकदा डॉक्टरांचा हातच धरतो. ही धास्ती हेच एक महत्त्वाचे चिन्ह मानले जाते. बसलेल्या रुग्णाला पाय हळूहळू सरळ करायला सांगितल्यावर शेवटच्या टप्प्यात वाटी एकदम बाहेर झुकते का, हे पाहिले जाते. अंगठा मागे वळून मनगटाला टेकतो का, कोपर उलट्या बाजूला वाकते का, यावरून सांध्यांचा जन्मजात सैलपणा कळतो. उभे राहिल्यावर गुडघे एकमेकांना चिकटतात का, हेही पाहतात. आई, मावशी किंवा बहिणीला असाच त्रास होता का, हा प्रश्नही अनाठायी नसतो.

याच वेळी गुडघ्याच्या आतील अस्थिबंधाची दुखापत नाही ना, हेही तपासावे लागते, कारण तिच्यातही गुडघा ‘सटकल्याचा’ भास होतो. या तपासणीतून संशय पक्का झाला, की चित्रांकडे वळायचे.

साधा एक्स-रे : तीन कोन, तीन उत्तरे

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत कितीतरी आधुनिक यंत्रे आली, तरी वाटीच्या तपासणीची सुरुवात आजही साध्या एक्स-रेनेच होते. विलेपार्ल्याचे कूपर असो, घाटकोपरचे राजावाडी असो किंवा कोपऱ्यावरचे खासगी केंद्र असो, ही तपासणी सहज होण्याजोगी आणि स्वस्त आहे. मात्र ती योग्य कोनांतून व्हावी लागते.

समोरून काढलेल्या चित्रात फ्रॅक्चर, हाडाची सुटलेली कपची आणि किशोरवयीन मुलांत हाडांच्या वाढीच्या पट्ट्या दिसतात. वाटीबद्दल मात्र हे चित्र फारसे बोलत नाही, कारण तिची सावली मांडीच्या हाडाच्या सावलीत मिसळून जाते.

बाजूने काढलेले चित्र अधिक माहिती देते. वाटी प्रमाणापेक्षा वर आहे का, हे त्यावरून कळते. जॉन इन्सॉल आणि एडुआर्दो साल्वाती यांनी १९७१ मध्ये सुचवलेली पद्धत सोपी आहे : वाटीखालच्या कंडरेच्या लांबीला वाटीच्या लांबीने भागावे. उत्तर ०.८ ते १.२ असले तर वाटी योग्य उंचीवर आहे. समजा, वाटी ४० मिलिमीटर आणि कंडरा ५२ मिलिमीटर भरली, तर गुणोत्तर १.३ येईल. अशी उंचावर बसलेली वाटी गुडघा वाकताना खोबणीत उशिरा शिरते. निराधार अवस्थेतील तिचा प्रवास लांबतो आणि निसटण्याची संधी वाढते.

याच चित्रात खोबणीची खोलीही जोखता येते. निरोगी गुडघ्यात खोबणीच्या तळाची रेषा तिच्या दोन्ही कडांच्या रेषांच्या मागे राहते. खोबण उथळ असेल तर तळाची रेषा पुढे सरकते आणि कडांच्या रेषेला छेदते. फ्रान्समधील लिऑन येथील आंरी देजूर आणि सहकाऱ्यांनी या छेदनाचे महत्त्व दाखवून दिले. मात्र त्यासाठी चित्र अगदी काटेकोर बाजूने काढलेले हवे. मांडीच्या हाडाचे मागचे दोन्ही गोलवे एकावर एक तंतोतंत यायला हवेत. पाय जरासा फिरला, तरी निरोगी खोबण उथळ किंवा उथळ खोबण निरोगी भासू शकते.

तिसरे चित्र वाकवलेल्या गुडघ्याच्या वरून, वाटी आणि खोबण यांच्या फटीतून काढतात. त्याला ‘स्कायलाइन’ म्हणण्याचा प्रघात आहे. अ‍ॅलन मर्चंट यांनी १९७४ मध्ये हे चित्र गुडघा ४५ अंश वाकवून काढण्याची पद्धत मांडली. अनेकदा सोयीसाठी गुडघा त्याहून कितीतरी जास्त वाकवला जातो, आणि तिथेच फसगत होते. जास्त वाकलेल्या गुडघ्यात वाटी खोबणीत दाबून बसलेली असते, त्यामुळे अस्थिर वाटीही शहाण्यासारखी मधोमध दिसते. ती निसटते ते पहिल्या ३० अंशांत. चित्र काढले जाते ९० अंशांवर. अशा एक्स-रेवरून ‘वाटी ठीक आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे रात्रीच्या गाडीची गर्दी दुपारी मोजण्यासारखे आहे.

एमआरआय : घडून गेलेल्या घटनेचा पंचनामा

वाटी निसटून परत आली, तरी ती आपल्या खुणा मागे ठेवून जाते. त्या वाचण्याचे सर्वोत्तम साधन म्हणजे एमआरआय. यात क्ष-किरण नसतात. शक्तिशाली चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांच्या साह्याने शरीरातील पाण्याच्या अणूंकडून संकेत मिळवून चित्र तयार होते. या तंत्राच्या पायाभूत कार्यासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

समजा, घाटकोपरच्या एका सोळा वर्षांच्या मुलीचा गुडघा नवरात्रात सटकला. एक्स-रे स्वच्छ आहे. ‘वाटी सरकली होती’ असे ती सांगते, पण पाहिले कोणीच नाही. एमआरआयमध्ये वाटीच्या आतल्या कडेला आणि मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोलव्याला, अशा दोन ठिकाणी हाडाच्या गाभ्यात मुका मार दिसला, तर निदान जवळजवळ पक्के होते. ही दोन ठिकाणे एरवी एकमेकांना भिडत नाहीत. वाटी बाहेर जाऊन परत येताना धडकली, तरच अशी जोडखूण उमटते. ती काही आठवडे टिकते. म्हणून एमआरआय करायचा असल्यास तो फार लांबणीवर टाकू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे एमपीएफएलची अवस्था. तो नुसता ताणला गेला आहे की तुटला आहे, आणि तुटला असल्यास वाटीपाशी, मध्ये की मांडीच्या हाडापाशी, हे एमआरआय दाखवतो.

तिसरी आणि तातडीच्या निर्णयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कूर्चेचा उडालेला टवका. कूर्चा एक्स-रेमध्ये दिसतच नाही. तिच्यासोबत हाडाची पातळशी पापडी गेली असेल तरी ती एक्स-रेमध्ये अनेकदा निसटते. पहिल्यांदा वाटी निखळलेल्या बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज भासत नाही. पण सांध्यात मोठा तुकडा मोकळा फिरत असेल तर चित्र बदलते. तो वेळीच परत बसवता येण्याजोगा असतो. उशीर झाल्यास काढून टाकण्यापलीकडे फारसे काही हाती राहत नाही. गुडघा काही तासांतच टम्म सुजला, सुईने काढलेल्या द्रवात रक्त निघाले आणि त्यावर तुपासारखे चरबीचे थेंब तरंगताना दिसले, तर हाड फुटून आतली मज्जा सांध्यात उतरल्याची ती खूण असते. अशा वेळी एमआरआयची निकड वाढते.

सीटी स्कॅन : अंतर आणि पीळ

गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या संशोधनातून १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. आडव्या कापांतून हाडांची अचूक मापे देण्यात हे तंत्र वाकबगार आहे. वाटीच्या बाबतीत एक माप विशेष चर्चेत असते. डॉक्टर आणि अहवाल लिहिणारे क्ष-किरणतज्ज्ञ त्याला ‘टीटी-टीजी’ म्हणतात. खोबणीचा सर्वांत खोल बिंदू एका कापात शोधतात. कंडरा नडगीच्या ज्या उंचवट्याला मिळते, त्याचा मध्यबिंदू दुसऱ्या कापात शोधतात. दोन्ही काप एकावर एक ठेवून या बिंदूंमधील आडवे अंतर मोजतात. साधारण १० ते १५ मिलिमीटर अंतर स्वाभाविक मानले जाते. २० किंवा त्याहून अधिक असल्यास कंडरा वाटीला सतत बाहेर ओढत असते. दोहोंमधील पट्टा संशयाचा.

सीटीचा दुसरा उपयोग म्हणजे हाडांचा पीळ मोजणे. काही जणांच्या मांडीचे हाड जन्मतःच आतल्या बाजूला, तर नडगी बाहेरच्या बाजूला अधिक पिळलेली असते. वाटी बिचारी या दोन विरुद्ध दिशांच्या मध्ये सापडते. नितंबाचा सांधा, गुडघा आणि घोटा अशा तीन पातळ्यांवर मोजके काप घेऊन हा पीळ अंशांत मोजता येतो.

सीटीमध्ये क्ष-किरण वापरले जातात, हे खरे. केवळ गुडघ्याच्या सीटीमध्ये किरणोत्सर्गाची मात्रा छाती-पोटाच्या सीटीच्या मानाने खूपच कमी असते. मात्र पीळ मोजताना ओटीपोटाजवळचा भाग येतो. रुग्ण बहुधा किशोरवयीन मुलगी असते, म्हणून ही तपासणी सरसकट न करता शस्त्रक्रियेचा विचार चालू असताना आणि कमीत कमी कापांत करणे इष्ट.

आकड्यांचा सापळा

आंरी देजूर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. वाटी प्रत्यक्ष निखळलेल्या रुग्णांपैकी ८५ टक्के जणांची खोबण सदोष होती, ५६ टक्के जणांत टीटी-टीजी २० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक होते आणि २४ टक्के जणांची वाटी उंचावर होती. वाटीचा कल २० अंशांहून अधिक असणारे ८३ टक्के होते. या टक्क्यांची बेरीज शंभराच्या पुष्कळ पुढे जाते. याचा अर्थ असा, की बहुतेक रुग्णांत एकाहून अधिक दोष एकत्र नांदतात. एकाच आकड्यावर बोट ठेवून ‘हेच कारण’ म्हणता येत नाही.

आकडे स्वतःही तितके अढळ नसतात. गुडघा जसजसा वाकतो तसे टीटी-टीजीचे अंतर कमी होत जाते. एमआरआयच्या वेळी गुडघा आधाराच्या चौकटीत किंचित वाकलेला असतो. त्यामुळे त्याच रुग्णाचे एमआरआयवरील माप सीटीपेक्षा काही मिलिमीटरने कमी भरते. सीटीसाठी ठरवलेली २० ची मर्यादा एमआरआयच्या आकड्याला जशीच्या तशी लावणे म्हणूनच चुकीचे ठरते. शिवाय खोबण अगदी उथळ असेल तर तिचा ‘सर्वांत खोल बिंदू’ कोणता, यावर दोन तज्ज्ञांचे मतभेद होऊ शकतात. उंच माणसाचे २० मिलिमीटर आणि ठेंगण्या मुलीचे २० मिलिमीटर यांचा अर्थही एक नसतो.

दुसरीकडे, आयुष्यात कधीही वाटी न निसटलेल्या व्यक्तींच्या चित्रांतही किंचित उथळ खोबण किंवा किंचित उंच वाटी आढळते. भलत्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयच्या अहवालात असा उल्लेख वाचून धास्तावून जाण्याचे कारण नाही. चित्रातील दोष म्हणजे आजार नव्हे. तो दोष आणि रुग्णाची तक्रार यांची सांगड बसली पाहिजे.

लहान मुलांचा वेगळा विचार

काही मुलांत वाटी अपघाताने नव्हे, तर प्रत्येक वेळी गुडघा वाकवताच बाहेर जाते आणि सरळ करताच परत येते. मांडीचा स्नायू आखूड आणि ताठर झालेला असतो. तान्ह्या वयात मांडीत वारंवार दिलेल्या इंजेक्शनांमुळे स्नायूत व्रणतंतू तयार होणे, हे याचे एक ज्ञात कारण आहे. आपल्याकडे उकिडवे बसणे, मांडी घालून जेवणे या रोजच्या गोष्टी. त्यामुळे पालकांच्या हे लवकर लक्षात येते. पण सरळ पायाचा एक्स-रे किंवा एमआरआय यात वाटी मध्यभागी, अगदी निर्दोष दिसू शकते. अशा मुलांचे चित्र गुडघा वाकवूनच काढले पाहिजे. अस्थिर वाटीच्या मोठ्या मुलीत जी वाकवलेली स्थिती दोष लपवते, तीच या मुलांत दोष उघडा पाडते.

वाढत्या वयात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. हाडांच्या टोकांजवळ वाढीची कूर्चामय पट्टी असते. नडगीचा उंचवटा सरकवण्याची शस्त्रक्रिया ही पट्टी बंद होण्यापूर्वी केल्यास नडगी वाकडी वाढण्याचा धोका असतो. एमपीएफएलची मांडीच्या हाडावरील जागाही या पट्टीला अगदी लागून असते. म्हणून शल्यविशारद आधी वाढ किती शिल्लक आहे, हे चित्रावरून ठरवतात आणि मगच शस्त्रक्रियेचा प्रकार व वेळ निवडतात.

चित्रावरून निर्णयाकडे

अमेरिकी फुटबॉलमधील पॅट्रिक महोम्स या खेळाडूची वाटी १७ ऑक्टोबर २०१९ रोजी सामना चालू असताना निखळली. ती मैदानावरच जागेवर बसवण्यात आली. एमआरआयमध्ये मोठे नुकसान आढळले नाही. शस्त्रक्रियेविना उपचार झाले. दोन सामने हुकल्यानंतर नोव्हेंबरमध्ये तो परतला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या संघाने सुपर बोल जिंकला. व्यावसायिक खेळाडूला मिळणाऱ्या सोयी सामान्यांना मिळत नाहीत आणि इतक्या लवकर परतणे हा सर्वांसाठी आदर्श नव्हे. तरीही क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : वाटी बसवली, आत काय तुटले ते पाहिले आणि मग शस्त्रक्रिया नको, असे ठरले.

पहिल्या दुखापतीनंतर सांध्यात तुकडा नसेल तर थोडे दिवस आधार, त्यानंतर मांडी आणि नितंबाच्या स्नायूंचे चिकाटीने केलेले व्यायाम, हाच बहुतेकांचा मार्ग असतो. वाटी वारंवार निखळू लागली, की चित्रांतील प्रत्येक दोषाला त्याचा उपाय जोडला जातो. एमपीएफएल निकामी असल्यास रुग्णाच्याच कंडरेपासून नवा बंध तयार करतात. टीटी-टीजी फार वाढलेले असल्यास नडगीचा उंचवटा आतल्या बाजूला सरकवतात. वाटी फार उंच असल्यास तो खाली आणतात. खोबण अगदीच सपाट किंवा फुगीर असेल तर निवडक रुग्णांत ती खोल करतात. नवा बंध मांडीच्या हाडावर नेमका कुठे बसवायचा, याची खूणही एक्स-रेवरच ठरते. फिलिप शॉट्ले आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ती जागा निश्चित करून दिली. काही मिलिमीटरची चूक झाली तर बंध एक तर ढिला राहतो किंवा इतका आवळला जातो की गुडघा वाकत नाही.

तपासणीला जाण्यापूर्वी

रुग्ण आणि पालक यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गुडघा सटकला तेव्हा पाय कसा होता, वाटी बाजूला गेलेली कोणी पाहिली का, सूज किती वेळात आली, हे लिहून ठेवावे. कोणी मोबाइलवर टिपले असल्यास ते डॉक्टरांना अवश्य दाखवावे. एक्स-रे सांगितला असेल तर तो कोणत्या कोनांतून आणि गुडघा किती वाकवून काढायचा, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावे. एमआरआय किंवा सीटी सांगितल्यास ‘यातून काय शोधायचे आहे?’ असे विचारण्यात संकोच नसावा. हेच उत्तर चिठ्ठीवर उमटले, तर क्ष-किरणतज्ज्ञही नेमके तेच पाहतो आणि आवश्यक मापे देतो.

क्ष-किरण आणि सीटी यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. केंद्राकडे परवाना आहे का, हे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. गर्भधारणेची शक्यता असल्यास तपासणीपूर्वी सांगणे आवश्यक.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसला तरी चुंबकाचा धोका असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेला गेला आणि रुग्णासोबत आलेल्या एका तरुणाला प्राण गमवावे लागले. चुंबक सतत चालू असतो, तपासणी सुरू नसतानाही. दागिने, पिना, किल्ल्या, मोबाइल बाहेर ठेवावेत. शरीरात पेसमेकर, क्लिप किंवा धातूचा तुकडा असल्यास आधी कल्पना द्यावी. रुग्णासोबत जाणाऱ्यालाही हे सारे नियम लागू होतात.

अहवालाचा कागद जपून ठेवला जातो, पण चित्रांची फिल्म किंवा सीडी हरवते, असे अनेक घरांत घडते. खरे तर दोन्ही जपायला हवीत. कोणता गुडघा, कोणती तारीख, हे त्यावर आहे ना, तेही पाहावे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाल्यास त्यांना अहवालातील वाक्यांपेक्षा मूळ चित्रे हवी असतात. पुढे वाटी पुन्हा निसटलीच, तर कूर्चा तेव्हा कशी होती आणि आता कशी आहे, याची तुलना त्या जुन्या चित्रांशीच करता येते.